माळ्याची दोन तोंडं

चैत्र सरत आला की माझं लक्ष खाली राहत नाही, वर जातं. या दिवसांत बायका जे करतात ते सगळं मीही करते, आमसुलं वाळत घालते, सुकट डब्यात भरते, लाकडं पडवीत रचून ठेवते, पण हात खाली आणि कान वर. बारा वाजले की वरून आवाज येतो. टक. मग बराच वेळ काही नाही. मग दोनदा, टक टक. उन्हानं वासे ताणतात, दुसरं काही नाही, हे मला आता ठाऊक आहे, पाच वर्षं झाली ठाऊक होऊन, तरी टक झालं की मी हातातलं टाकते आणि पाळण्याकडे बघते. यंदा पाळण्यात तिसरं आहे. झोपलंय. छाती हलतेय. हलली, हलली, पुन्हा हलली. मग मी आमसुलांकडे वळते, आणि दोन आमसुलं उलटली नाहीत तोच वाटतं, मी पाठ फिरवल्यावर थांबली असली तर?

मी तिसऱ्या बुकापर्यंत शिकले, पुढे आईनं घरी बसवलं, तेव्हा कसं मांडायचं ते मला येत नाही. आठवेल तसं सांगते. पण त्या एका वैशाखाचं सांगायचंय, माझ्या मुलीच्या, यमीच्या वर्षाचं, कारण यंदाची हवा अगदी तशीच आहे, सकाळपासून माडाची झावळी हललेली नाही.

आमचं घर दर्यापासून हाकेवर. मी लग्न होऊन आले तेव्हा वर झापांचं छप्पर होतं, माडाच्या झावळ्या विणून केलेलं. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये हातभर फट, तिच्यातून चिमण्या आत येत, आत्याबाईंच्या सुपातले दाणे टिपत आणि पलीकडून निघून जात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पावसात गळायचं, झापांचा कुबट वास यायचा, किडे पडायचे ताटात, पण उन्हाळ्यात त्या घरात आलं की कपाळावर कुणी ओलं फडकं ठेवल्यासारखं वाटायचं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गलबतावर तांडेल होते. मंगळूरपासून मुंबईपर्यंत माल न्यायचे. शेवटच्या फेरीला त्यांनी मंगळूरहून आपल्याच घरासाठी कौलं आणली. लाल, चकचकीत, एकात एक बसणारी. गावात कौलारू घर तोवर एकच, मशिदीजवळच्या व्यापाऱ्याचं. दुसरं आमचं. कौलं चढली त्या दिवशी मामंजी पडाव काढून लांब दर्यात गेले, घर तिथून कसं दिसतं ते बघायला.

"लग्नात माझ्याकडं इतकं बघितलं न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "मी पण लाल लुगडं नेसलेली की."

त्या लाल कौलांखाली माझा पहिला मुलगा आला.

बाळंतपणाला मी आईकडे होते, म्हसळ्याच्या बाजूला, डोंगरातल्या गावात. निघताना आईनं बजावलं, "तुझ्या घरात दर्याचा वारा सरळ आत येतो. कोवळ्या पोराला बाधतो तो. आधी सगळ्या फटी बुजव, मग पाळणा बांध." मी आल्या आल्या तेच केलं. कौलं घालताना सुतारानं भिंतीच्या माथ्यावर चार बोटांची फट ठेवली होती, ती मी जुन्या लुगड्यांनी, गोणपाटानं आणि मातीनं भरून काढली. अख्खा दिवस लागला. आत्याबाई शिडी धरून उभ्या होत्या. संध्याकाळी दिवा लावला तर ज्योत जराही हलेना, इतकं घट्ट. मला केवढं बरं वाटलं होतं.

वैशाखात तो गेला. सात महिन्यांचा होता. दोन दिवस अंग तापलेलं, घाम नाही, दूध ओढेना, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी. एवढंच लिहिते.

मग लोक कारणं घेऊन आले. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं बाहेरचं, शेजारची भागी म्हणाली की घराच्या पायात काहीतरी असेल. मला कारण आधीच सापडलं होतं. कुठेतरी एक फट माझ्याकडून राहिली.

दोन वर्षांनी यमीला घेऊन मी त्याच खोलीत आले तेव्हा मी पहिल्या वेळची ती आई राहिले नव्हते. मला सगळ्यांचा संशय यायचा. आत्याबाई यमीला तेल लावायला बसल्या की मी त्यांच्या हातांकडे बघायची, टाळूवर जास्त दाबतायत का? भागी कुंपणापलीकडून विचारायची, "कौलाखाली थंड वाटतं का गो?" तर मला वाटायचं हिला पोराचं विचारायचंय, तोंडानं कौलाचं नाव घेतेय. मांजर दारात बसलं तरी मी त्याला दगड मारायची. आणि सगळ्यांत जास्त संशय मला मामंजींचा यायचा.

ते दर्या सोडून घरी बसले होते. फार बोलत नसत. पहिला गेला तेव्हा किनाऱ्यावर जाऊन उभे राहिले होते. आणि आता, यमी आल्यापासून, ते माळ्यावर जायला लागले. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, भर दुपारी. त्या वेळेला माळ्यावर कोण जातं? माळा म्हणजे आमच्या आतल्या खोलीवरच्या फळ्या, त्यांच्यावर सुपारीची पोती आणि मोडके पाट, आणि फळ्यांच्या बरोबर खाली पाळणा. मी खाली बसून त्यांची पावलं ऐकायची. चालले. थांबले. पाळण्यावर येऊन थांबले. बराच वेळ तिथेच.

विचारणार कशी? आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. समोर येत नाही, आवाजसुद्धा ऐकू देत नाही. सांगायचंच असेल तर सासूच्या तोंडून, आणि सासू कामात असली तर पाळण्यातल्या पोराला सांगायचं, आणि ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकायचं.

एके दिवशी वर ठोकाठोक झाली आणि बाहेर जाऊन बघते तर दर्याच्या बाजूच्या भिंतीला, अगदी वर आढ्याखाली, सुपाएवढं भोक. मी आत आले, पदर पुढे ओढला आणि पाळण्यात वाकून, पण पडवीत जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "यमे, तुझ्या आजाला विचार, चांगली भिंत कशाला फोडली?"

पडवीत विडी ओढल्याचा आवाज. मग, "यमे, तुझ्या आयेला सांग, गलबताच्या पोटात माल भरला आणि तोंडं बंद ठेवली तर माल उबतो. सुपारी उबते, खोबरं उबतं. मग पोराचं काय व्हईल?"

"यमे, तू काय खोबरं हायस?"

"यमे, तुझी आय तिखट हाय."

चुलीपाशी आत्याबाईंना हसू आवरेना. "लेकी, तू मधे बोलू नको हां," त्या यमीला म्हणाल्या, "दोघं मिळून तुलाच फाडतील."

हसल्या त्या, पण मला हसू आलं नाही. माझ्या पोराला माल म्हणाले, हे माझ्या मनात रुतून बसलं. आणि वारा. ज्या वाऱ्याला मी बाहेर ठेवायला बघतेय त्याला हा माणूस दार करून देतोय.

उन्हं कलताना मामंजी पाय मोकळे करायला किनाऱ्यावर गेले की मी शिडीवर चढायची, हात लांब करून त्या भोकात लुगड्याचा बोळा कोंबायची आणि झटकन खाली उतरायची, कारण पोराला एकटं ठेवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भोक उघडं. आणि बोळा शिडीच्या खालच्या पायरीवर, घडी घालून ठेवलेला. गलबतावरची माणसं शिडाची घडी घालतात तशी, काठाला काठ लावून. रागानं फेकला असता तर मला समजलं असतं. त्या घडीची मला भीती वाटली. मी पुन्हा कोंबायची, ते पुन्हा काढायचे, पुन्हा घडी. आत्याबाई दोघांच्या मधून भांडी घेऊन जायच्या आणि कपाळाला हात लावायच्या.

मग त्यांनी डोंगराच्या बाजूच्या भिंतीलाही भोक पाडलं. म्हणजे मला आता दोन बोळे, दुसरा शिडीवरून लांब काठीनं कोंबायचा.

मग ते भाताचं तूस आणायला लागले. गिरणीवाल्याकडून पोती भरभरून, डोक्यावरून. बांबूचे तट्टे आणले, शेण आणलं, पोयट्याची माती आणली. वर फळ्यांवर तट्टे अंथरून त्यावर माती आणि तूस कालवून थापायला लागले, रोज थोडं, कोपऱ्यापासून. फळ्यांच्या फटीतून तुसाचे कण खाली पडत. दुपारच्या उन्हाच्या तिरिपेत ते सोन्यासारखे चमकत खाली यायचे आणि यमीच्या दुपट्यावर बसायचे. मी ते एकेक वेचायची आणि बाहेर टाकून हात धुवायची. पोराच्या डोक्यावर माती का घालतोय हा माणूस? कशाचं पुरणं चाललंय वर?

आणि एके दिवशी बोळा कोंबायला चढले तर मला ते दिसलं. आढ्याला बांधलेला काळा दोरा, हातभर लांब, आणि त्याच्या टोकाला पांढरं पीस. बगळ्याचं असावं. आणि ते टांगलेलं होतं बरोबर पाळण्याच्या वर, जिथं मामंजींची पावलं थांबायची, तिथेच.

मी ते तोडलं. कसं तोडलं, खाली कशी आले, काही आठवत नाही. चुलीत टाकलं, पीस जळताना जो वास आला तो मला आजही कोंबडी भाजताना येतो. काळा दोरा, पीस, भर दुपार, पोराच्या डोक्यावर. याच्यापुढे काय विचारायचं राहिलं? दोन दिवसांनी दुसरं पीस टांगलेलं होतं.

हे, यमीचे वडील, मुंबईला गोदीत होते. मी कार्ड लिहिलं. माझं अक्षर मोठं, कार्डावर मावेना. "तुमचे वडील माळ्यावर काही करतात. काळा दोरा बांधला आहे. पावसामुळे आगबोट बंद व्हायच्या आत मला न्या." आठ दिवसांनी उत्तर आलं. खुशाली, यमीला आशीर्वाद, आणि खाली, "बाबांना विचार."

मी ते कार्ड पाळण्याखाली ठेवलं आणि रडले. विचार म्हणे. ज्या घरात जन्मले तिथली रीत पुरुषांना ठाऊक नसते, त्यांना कधी गप्प बसावं लागत नाही.

मग तो दिवस. अशीच हवा, आजच्यासारखी. दर्या तेल ओतल्यासारखा. आत्याबाई सुकट वाळवायला किनाऱ्यावर गेलेल्या. मामंजी पडवीत. मी सकाळीच दोन्ही बोळे कोंबले होते, नेहमीपेक्षा घट्ट, कारण यमी रात्रीपासून किरकिर करत होती. दहाच्या सुमारास तिची किरकिर थांबली. मला बरं वाटलं, झोपली म्हणून. जवळ गेले तर डोळे अर्धे उघडे. अंग चटका बसेल असं. घाम नाही. छातीशी धरलं तर ओठ लावले आणि तसेच ठेवले, ओढलं नाही.

मला हे माहीत होतं. हे सगळं मी एकदा बघितलं होतं, याच खोलीत, याच महिन्यात. आणि माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, एकच आलं, फट राहिली. कुठेतरी पुन्हा फट राहिली. मी तिला पाळण्यात ठेवलं, ह्यांचं जुनं धोतर ओढलं, गोणपाट घेतलं आणि शिडी चढले. या वेळी अर्ध्यावर थांबले नाही. पूर्ण वर गेले, माळ्यात शिरले, गुडघ्यांवर.

आत शिरले आणि मला श्वास घेता येईना.

तोंड उघडलं तर तोंडात भाजकी हवा. कौलांची लाली डोक्यावर हातभर अंतरावर, आणि त्यांच्यातून ऊन गाळून खाली उतरत होतं, ऊन नाही, जड काहीतरी, पोत्यासारखं. सुपारीचा उग्र वास घशात बसला. हाताखाली फळी तापलेली, हात उचलावा लागला. मी फट शोधत होते. फट नव्हती. एकही नव्हती. मी इतकं चांगलं काम केलं होतं की उजेडसुद्धा येत नव्हता, शिडीच्या तोंडातून येत होता तेवढाच. आणि त्या उजेडात ते पीस टांगलेलं. ओळंब्यासारखं सरळ. त्याचा एक केस हलत नव्हता.

मी त्या पिसाकडे बघत राहिले. मी मोठी बाई, दोन बाळंतपणं झालेली, आणि मला इथं पाच श्वास घेता येत नाहीत. आणि यमीच्या आणि याच्यामध्ये काय आहे? मामंजींचा मातीचा थर पाळण्यापर्यंत यायला अजून दोन हात होते. फळी आहे. अंगठ्याएवढी जाड एक फळी.

धोतर हातातून सुटलं. मी सरपटत दर्याच्या बाजूला गेले आणि बोळा ओढला. उजेड आला. पिसाकडे बघितलं. काही नाही. तसंच सरळ. मी आत कोंडलेल्या म्हशीसारखी धापा टाकत होते, तशीच वळले, दुसऱ्या टोकाला गेले, तुसाच्या ओल्या चिखलात गुडघे रुतले, आणि डोंगराकडचा बोळा ओढला.

पीस थरथरलं. जरा गोल फिरलं. आणि मग ते कललं, डोंगराच्या बाजूला, आणि तसंच कललेलं राहिलं.

वारा वाहतो का ते बघायला बांधलं होतं ते. मला वाटत होतं दर्यावर वारा नाहीच. होता. एवढासा होता, पण त्याला आत यायला एक तोंड आणि जायला दुसरं लागत होतं, आणि मी इतके दिवस दोन्ही तोंडं दाबून बसले होते.

"मामंजी!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. खाली काहीतरी पडलं, विडीचा डबा असावा. शिडी करकरली आणि त्यांचं डोकं वर आलं. माझे केस मोकळे, गुडघ्यापर्यंत चिखल, पदर कुठे होता कोण जाणे. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, पण तिथून हलले नाहीत.

"पोर तापलंय," मी म्हणाले. "पहिल्यासारखं."

"खाली चल," ते म्हणाले. "पडवीत माडाच्या सावलीला आण. ओलं फडकं कर. अंगावर कापड ठेवू नको, एकही ठेवू नको. दूध थेंब थेंब घाल, चमच्यानं. ओढायची वाट बघू नको."

यमीला मी उघडी, ओल्या फडक्यावर, पडवीच्या टोकाला घेऊन बसले, आणि मामंजी पाठ करून उभे राहून सुपानं वारा घालत होते, आत्याबाई परत येईपर्यंत, आणि त्या आल्यावरही. संध्याकाळी तिनं दूध ओढलं. रात्री थोडं. ताप उतरायला आणखी दोन दिवस लागले, ते आम्ही पडवीतच काढले. तेवढ्यात मामंजींनी उरलेला थर पुरा केला, आणि तूस वर पोहोचवलं मी. शिडीच्या खाली मी पाटी ठेवायची, वरून हात यायचा आणि पाटी घेऊन जायचा. एकमेकांकडे बघायचा प्रश्न नव्हता.

यमी कशानं वाचली याबद्दल गावात एकमत नाही. आत्याबाईंनी नवस केला होता, तो त्यांनी फेडला. भागी म्हणते तिनं सांगितलेल्या पाल्यानं. आई म्हणाली, वारा लागला होता, तो उतरला. मी कुणालाही नाही म्हणत नाही. ज्येष्ठ लागताना एके दुपारी मी त्या खोलीत पाय पसरून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की मला तिथं बसवतंय. वर ऊन होतं तेवढंच होतं, पण ते वरच राहत होतं. भिंतीला पाठ टेकली तर गार. यमी पायांशी खेळत होती. किती बरं वाटायला हवं होतं मला त्या दुपारी.

पण तेव्हाच ते आलं. मी बोलावलं नव्हतं. पहिल्याच्या वेळी भिंतीच्या माथ्यावर चार बोटांची फट होती. सुतारानं ठेवलेली. ती मी भरली. दिवसभर खपून, ज्योत हलेनाशी होईपर्यंत.

पाच वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. लोकांचा संशय घेणं एकदा सुटलं की माणूस मोकळा होतो असं मला वाटायचं. सुटला नाही, फिरून माझ्याकडे आला. माझ्याच हातांकडे मी बघते, पोराला घेताना. आईनं सांगितलं म्हणून केलं, सगळेच करतात, हे मी स्वतःला समजावते. समजतही नाही असं नाही. पण वैशाख आला की समजलेलं सगळं जातं.

मामंजी आता थकलेत. डोळ्यांना कमी दिसतं, जाळं मात्र अजून विणतात, बोटांनी चाचपून. आम्ही त्या दिवसानंतर पुन्हा बोललो नाही, गरज नव्हती, यमी आहे. ती निरोप नेते आणि मधे आपलं घालते. मी म्हणते, आजाला विचार जेवायला वाढू का, ती जाऊन सांगते, "आजा, आय म्हणते लवकर जेव, तुझी सारखी वाट बघायला तिला वेळ न्हाय."

परवा मी यमीला भागीकडे पाठवलं, उगाच, चाळण मागायला. आत्याबाई परसात होत्या. धाकटं पाळण्यात झोपलेलं. मी पडवीच्या दारात आले आणि चौकटीला धरून उभी राहिले.

"मामंजी."

त्यांची बोटं थांबली.

"पहिल्याच्या वेळी," मी म्हणाले, "मी फटी बुजवल्या नसत्या तर?"

ते दर्याकडे तोंड करून बसले होते. जाळ्याची एकच गाठ पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. ती कौलं मंगळूरहून कुणी आणली, कुणी चढवली, ती दिसतात कशी हे बघायला पडाव घेऊन कोण गेलं होतं, हेही मला त्या वेळात आठवलं. याआधी कधी आठवलं नव्हतं. मी आपल्या हातांपलीकडे बघितलंच नव्हतं. हा माणूस भर दुपारी माळ्यावर जाऊन उभा का राहायचा, ते मला तेव्हा कळलं. मी माझ्या हातांकडे बघते तसा तो आपल्या कौलांकडे बघत होता.

"न्हाय," मामंजी म्हणाले. "तो तापानं गेला, पोरी. वाऱ्याचा त्यात काय संबंध न्हाय."

चाळीस वर्षं शिडावर जगलेला माणूस, आणि वाऱ्याचा संबंध नाही म्हणत होता. बोलताना त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, मी घरात आल्यापासून पहिल्यांदा, आणि त्यांना नीट दिसत नव्हतं तरी बघत राहिले, मी मानते का ते बघायला.

इतक्या माणसांवर मी उगाच संशय घेतला. मामंजी आत्ता बोलले ते मात्र खोटं आहे, हे मला पक्कं कळलं.

"बरं," मी म्हणाले, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले.